जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि अधेमधे गंगाखेड

पुण्यामुंबईत कुणी गाव विचारलं की गंगाखेडच्या माणसाला उत्तर दोन टप्प्यांत द्यावं लागतं. आधी ‘गंगाखेड’ म्हणायचं. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसली की ‘परभणी जिल्हा’ असं जोडायचं. मग आठी जाते आणि हसू येतं, कारण परभणी म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला एकच ओळ आठवते: जगात जर्मनी, भारतात परभणी. समोरचा परभणीला कधी गेलेला नसतो, जायचा बेतही नसतो, तिथं काय पिकतं हेही त्याला ठाऊक नसतं. ओळ मात्र तोंडपाठ असते.

आता या ओळीत दावा तरी काय आहे? ‘जगात भारी कोल्हापुरी’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल आणि तालमी उभ्या असतात. ‘जालना सोने का पालना’ म्हणताना डोळ्यांसमोर तिथली व्यापारपेठ येते. ‘पुणे तिथे काय उणे’ याला तर पुण्याचे शेजारी रोज पुराव्यानिशी उत्तर देतात. परभणीच्या ओळीत यातलं काहीच नाही. जर्मनीसारखं म्हणजे कशात? कारखान्यांत, शिस्तीत, हट्टात की लढाईत? ओळ बोलत नाही. तिचा उगम कुणी महायुद्धाशी जोडतं, कुणी एखाद्या राजकीय सभेशी, आणि पारागणिक कथा बदलते. माझं मत विचाराल तर यमक जुळलं, एवढाच तिचा उगम. दोन शब्द एकमेकांशेजारी बसले, तोंडाला गोड लागले आणि चालू लागले. पण तिचं बळही तिथंच आहे. ज्या दाव्याला मोजपट्टी लावता येत नाही तो खोडताही येत नाही. परभणीला हरवायचं तर आधी कशात हरवायचं ते ठरवावं लागेल, आणि ते परभणीकर कधीच ठरवू देणार नाही.

या ओळीची एक धाकटी बहीणही आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी. जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. बदलीच्या नोकरीतली माणसं ही ओळ उसासा टाकून म्हणतात. हिंदी-उर्दूचा बाज असलेली ही ओळ जुन्या निजामी मुलखाच्या बोलीत चपखल बसते. गंमत अशी की या दोन्ही ओळी परभणीकर स्वतःच पाहुण्याला ऐकवतो, एका दमात, आणि दोन्हींवर तेवढाच खूश असतो. एकीत गाव जर्मनीच्या पंगतीला बसलंय आणि दुसरीत ते उरलंसुरलं आहे, यात त्याला विसंगती वाटत नाही.

स्वतःवर हसून नाव कमावण्याची ही रीत अमेरिकेतल्या लहान गावांनी धंद्यासारखी चालवली आहे. ओरेगन राज्यात बोरिंग नावाचं गाव आहे. नाव पडलं ते बोरिंग आडनावाच्या एका जुन्या रहिवाशावरून, पण इंग्रजीत त्याचा अर्थ कंटाळवाणं असा होतो, त्याला इलाज नाही. स्कॉटलंडमध्ये डल नावाचं खेडं आहे, त्याचा अर्थही फारसा वेगळा नाही. २०१२ मध्ये या दोघांनी रीतसर मैत्री जोडली. मग ऑस्ट्रेलियातला ब्लँड नावाचा भागही त्यात शिरला, कारण ब्लँड म्हणजे अळणी. कंटाळवाण्या नावांची ही तीन ठिकाणं एकत्र आल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली, आणि ओरेगनच्या विधिमंडळानं ९ ऑगस्ट हा ‘बोरिंग आणि डल दिवस’ जाहीर केला. न्यू मेक्सिकोतल्या हॉट स्प्रिंग्ज या गावानं तर १९५० मध्ये आपलं नावच बदलून ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ ठेवलं. हे एका रेडिओ कार्यक्रमाचं नाव. कार्यक्रमाला दहा वर्षं होत होती आणि निर्मात्यानं जाहीर केलं होतं की जे गाव आमचं नाव घेईल तिथून आम्ही कार्यक्रम करू. गावकऱ्यांनी मतदान घेतलं, नाव बदललं. कार्यक्रम केव्हाच संपला, नाव अजून तेच आहे. केंटकीतल्या रॅबिट हॅश या वस्तीत १९९८ पासून महापौरपदी कुत्रा निवडून येतो. एका डॉलरला एक मत, हवी तेवढी मतं घ्या, आणि जमलेला पैसा गावच्या जुन्या वास्तू जपायला. मतं विकत घेण्याची इतकी उघड सोय आपल्याकडं अजून कुणी केलेली नाही.

पण अमेरिकी गावाचा खरा जीव अडकलेला असतो तो ‘जगातलं सर्वात मोठं’ या शब्दांत. आणि इथंच परभणीच्या ओळीचं शहाणपण कळतं, कारण मोजता येणारा दावा केला की गाव आयुष्यभराच्या झंझटीत सापडतं. सुतळीच्या गोळ्यांची कथा घ्या. मिनेसोटा राज्यातल्या डार्विन गावच्या फ्रान्सिस जॉन्सन या शेतकऱ्यानं १९५० मध्ये शेतातली सुतळी गुंडाळायला सुरुवात केली. गवताच्या पेंढ्या बांधायची ही सुतळी, पेंढी सोडली की तुकडा उरतो. तो तुकडा फेकायचा नाही, गोळ्याला गुंडाळायचा, एवढंच. पण हे त्यानं २९ वर्षं केलं. गोळा इतका वाढला की सगळीकडून सारखी गुंडाळी बसावी म्हणून तो उचलून फिरवायला यंत्र वापरावं लागे. अखेरीस त्याचा व्यास १२ फूट झाला आणि वजन आठ टनांच्या घरात गेलं.

इकडं कॅन्ससमधल्या कॉकर सिटीत फ्रँक स्टोबर यानं १९५३ मध्ये तोच उद्योग आरंभला आणि १९६१ मध्ये आपला गोळा गावाला देऊन टाकला. स्टोबर वारला तेव्हा त्याचा गोळा जॉन्सनच्या गोळ्यापेक्षा लहान होता. पण गोळा गावाचा झालेला होता, आणि गाव मरत नाही. कॉकर सिटीनं दर ऑगस्टमध्ये सुतळी गुंडाळण्याचा उत्सवच सुरू केला. येणारा पाहुणा चार वाव सुतळी गुंडाळतो, गोळा वाढतच राहतो. डार्विनचा गोळा मात्र जॉन्सनबरोबर थांबला. मग डार्विननं काय करावं? दाव्याला एक शेपूट जोडलं: ‘एकाच माणसानं गुंडाळलेला जगातला सर्वात मोठा’. मोजमापाच्या दाव्याचं शेवटी असंच होतं. दुसरा पुढं गेला की आपण आपली व्याख्या थोडी अरुंद करायची, आणि पाटी तीच ठेवायची.

परभणीकडं मोजता येणारा एक दावा आहे, तो थंडीचा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुटले की राज्यातल्या सर्वात थंड ठिकाणांच्या यादीत निफाडच्या जोडीला परभणीचं नाव येतं. हा आकडा बहुधा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. विद्यापीठाचं आवार म्हणजे शेकडो एकर मोकळी शेती, तिथं रात्री जमीन झपाट्यानं निवते. हवामान खात्याचा शहरातला आकडा त्याहून दोन-चार अंशांनी वर असतो. म्हणजे एकाच पहाटे परभणीत दोन थंड्या पडतात. चहाच्या टपरीवर अर्थातच कमी आकडा चालतो. आणि तीच माणसं मे महिन्यात ४४ अंशांचा आकडाही तितक्याच अभिमानानं सांगतात.

मोजायचं नाही आणि हसायचंही नाही, अशांसाठी तिसरी वाट असते: मोठ्या गावाचं नाव उसनं घ्यायचं. इचलकरंजी महाराष्ट्राचं मँचेस्टर, वरुड-मोर्शीचा संत्र्यांचा पट्टा विदर्भाचा कॅलिफोर्निया, खुलताबादजवळचं म्हैसमाळ मराठवाड्याचं महाबळेश्वर. यात महाबळेश्वरला कुणी विचारत नाही आणि मँचेस्टरला तर पत्ताही नसतो. गंगाखेडनं उसनं घेतलेलं नाव याहून फार मोठं आणि जुनं आहे: दक्षिण काशी. गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगा. परभणीहून येताना खळीच्या पुलावरून ती ओलांडली की गाव सुरू होतं. सोमवती अमावास्येला घाटावर पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवीही आसपासच्या तालुक्यांतून अस्थी घेऊन आलेली मंडळी रोज दिसतात. डोकं भादरलेला मुलगा, हातात लाल फडक्यात बांधलेलं मडकं, मागं दोन-चार भाऊबंद आणि पुढं गुरुजी. ज्याला काशीपर्यंतचा खर्च झेपत नाही त्याची सोय गंगाखेडात होते. या अर्थानं नाव खोटं नाही.

अडचण एवढीच की दक्षिण काशी एक नाही. पैठण स्वतःला दक्षिण काशी म्हणतं. करवीर म्हणजे कोल्हापूरही म्हणतं. कृष्णाकाठचं वाई तर सात घाट दाखवून म्हणतं. तामिळनाडूत तेनकाशी नावाचं अख्खं शहर आहे, त्याच्या नावातच हा दावा कोरलेला. यांच्यात कधी भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. काशी एवढी मोठी आहे की तिच्या कितीही शाखा निघाल्या तरी चालतं, असा सगळ्यांचा समजूतदारपणा असावा.

गंगाखेडचं स्वतःचं, कुणाकडून उसनं न घेतलेलं नाव म्हणजे संत जनाबाई. तेराव्या शतकात इथं दमा आणि करुंड या जोडप्याच्या पोटी ती जन्मली. लहानपणीच बापानं तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आणून सोडलं. दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील. पुढचं सगळं आयुष्य तिनं त्या घरात दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणं यात काढलं आणि तेच करता करता अभंग रचले. तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसला ही कथा मराठी घरात सांगावी लागत नाही. शेण्यांची कथाही तशीच: जनीच्या शेण्या चोरीला जातात आणि त्या ओळखायच्या कशा, तर कानाला लावल्या की आतून विठ्ठलाचं नाव ऐकू येतं. या कथेत साक्षीला कबीर येतात. कबीर पंधराव्या शतकातले, म्हणजे जनाबाईनंतर शंभराहून अधिक वर्षांनी झालेले. पण ही कथा सांगणाऱ्याला पंचांग दाखवणं हा निव्वळ अरसिकपणा.

आता गावाच्या अंगानं बघा. जनाबाईचं जातं कुठं आहे? पंढरपूरजवळ गोपाळपूरला. आषाढी पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही, त्यामुळे लाखो वारकऱ्यांची पावलं तिथं लागतात. बायका ते जातं बघतात, खुंट्याला हात लावतात, गरगर एखादा फेरा देतात. अभंगाच्या शेवटी ती आपली ओळख सांगते तीही नामदेवाची दासी म्हणून, गंगाखेडची म्हणून नाही. अभंग पंढरपूरचे, जातं गोपाळपूरचं आणि नाव नामदेवांच्या घरचं. गंगाखेडच्या वाट्याला आला तो फक्त जन्म. गोदाकाठी तिचं मंदिर आहे, गावातलं महाविद्यालय तिच्या नावाचं आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरीला जाताना परभणी, दैठणा करत गंगाखेडात येते आणि पुढं परळीची वाट धरते, तेव्हा जनाबाईच्या माहेरी आल्याचा आनंद वारकऱ्यांना होतोच. पण माहेर ते माहेर. लेक नावारूपाला आली ती सासरी.

ही एकट्या गंगाखेडची गोष्ट नाही. सगळ्या मराठवाड्याची तीच तऱ्हा आहे. नामदेवांचं जन्मगाव म्हणून हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी सांगतात. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होतं. नामदेव मोठे झाले पंढरपुरात आणि त्यांची कीर्ती गेली थेट पंजाबात. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांना आपलं मानतं. २०१५ मध्ये ८८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेही घुमानला, नर्सीला नाही. ज्ञानेश्वरांना पैठणजवळचं आपेगाव आपलं म्हणतं, पण माउली म्हटलं की जग आळंदीला जातं. समर्थ रामदास जन्मले जालना जिल्ह्यातल्या जांब गावी, आणि गड गाजला सज्जनगड. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा अनुशेष मोजायला आजवर बऱ्याच समित्या बसल्या. संतांचा अनुशेष कुणी मोजलेला नाही. मोजला तर पश्चिम महाराष्ट्राकडं मराठवाड्याचं बरंच येणं निघेल.

तसा हिशेब मागायचा प्रयत्न एकदा झाला, आणि त्याचं काय झालं ते २०२० च्या जानेवारीत सगळ्या देशानं पाहिलं. परभणी जिल्ह्यातलं पाथरी हे साईबाबांचं जन्मगाव आहे अशी तिथली जुनी धारणा. भुसारी घराण्याच्या वाड्याची जागा तिथं दाखवतात, त्या ठिकाणी जन्मस्थान मंदिर आहे. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा करताना त्या गावाचा उल्लेख जन्मस्थान म्हणून केला आणि शिर्डी पेटली. १९ जानेवारीला शिर्डीनं बंद पाळला. मंदिर उघडं होतं, दुकानं बंद. पैशाला आमचा विरोध नाही, ‘जन्मस्थान’ या शब्दाला आहे, असं शिर्डीकर सांगत होते.

दुरून बघणाऱ्याला हे दोन गावांचं गिऱ्हाइकासाठीचं भांडण वाटलं, आणि ते तसं नव्हतंच असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण शिर्डीच्या म्हणण्यात एक खरा मुद्दा होता. बाबांनी आपलं गाव, आईबाप, जात, धर्म यांविषयी कुणालाच सरळ उत्तर दिलं नाही. १५ ऑक्टोबर १९१८ ला ते गेले तेही गूढ सोबत घेऊनच. गाव सापडलं की घर सापडतं, घर सापडलं की आडनाव, आणि आडनाव सापडलं की आपल्याकडं पुढचं विचारावं लागत नाही. ज्या माणसाचं मोठेपणच या प्रश्नापलीकडं जाण्यात होतं त्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत नेऊन बसवायचं का, हा प्रश्न रास्त होता. आणि पाथरीच्या बाजूनं बोलायचं तर, आपल्या गावातलं पोर जगात नाव काढतं आणि गावाचं नावच कुणी घेत नाही, ही सल आम्हा गंगाखेडकरांना समजावून सांगावी लागत नाही. शेवटी बंद मिटला, निधीची चर्चा मागं पडली आणि दोन्ही गावं आपापल्या मतावर कायम राहिली.

जन्मगावाचं भांडण टाळायची नामी युक्ती आयोवा राज्यातल्या रिव्हरसाइडनं काढली. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतला कॅप्टन कर्क आयोवात जन्मलेला आहे एवढंच तिच्या निर्मात्यानं सांगितलं होतं, गाव सांगितलं नव्हतं. १९८५ मध्ये रिव्हरसाइडच्या नगर परिषदेनं ठरवलं की ते गाव आपलंच. निर्मात्याला कळवलं, त्याची ना नव्हती, आणि गावात दगड बसला: कॅप्टन जेम्स टी. कर्क यांचं भावी जन्मस्थान. जन्मतारीख २२ मार्च २२२८. माणूस कल्पित, जन्म अजून दोनशे वर्षांनी, तेव्हा खोटं कोण पाडणार? दर उन्हाळ्यात तिथं जत्रा भरते आणि गाव चार पैसे मिळवतं.

देवांच्या बाबतीत ही सोय नाही. गंगाखेडहून तासाभराच्या आत परळीला पोचता येतं. परळीचा वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, असं इथलं शेंबडं पोरही सांगेल. झारखंडातल्या देवघरचं पोर तेच देवघरच्या वैद्यनाथाविषयी सांगतं. औंढ्याच्या नागनाथाला द्वारकेजवळचा नागेश्वर प्रतिस्पर्धी आहे. जुन्या स्तोत्रांचे पाठ ठिकठिकाणी वेगळे, त्यामुळे दोघांनाही आधार सापडतो. २०२३ च्या महाशिवरात्रीआधी आसाम सरकारनं जाहिरात देऊन भीमाशंकर गुवाहाटीजवळ असल्याचं सांगितलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या विरोधी पक्षांच्या नेत्यांनी त्यावर टीकेची झोड उठवली. भाविकाला यातलं काही अडत नाही. तो परळीलाही जातो, जमलं तर देवघरलाही जातो आणि दोन्हीकडं तितक्याच मनोभावे बेल वाहतो.

हे सगळं बघितल्यावर माझं एक मत झालं आहे. गावाचं नाव जगात फिरायचं असेल तर ज्या वस्तूसोबत ते फिरायचं तिच्यावर ते लिहिलेलं पाहिजे. माणूस गाव सोडतो तेव्हा गावाचं नाव बहुधा मागंच राहतं. फळ, कापड, खवा यांचं तसं होत नाही. पैठणी न्यूयॉर्कला गेली तरी पैठण सोबत जातं. जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, कुंथलगिरीचा खवा यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आता कायद्यानंच गाव त्या वस्तूला बांधून टाकलं. धारासूर हे आमच्याच तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. तिथलं गुप्तेश्वराचं प्राचीन मंदिर कोरीव कामात कुठल्याही नावाजलेल्या मंदिराच्या शेजारी शोभेल, पण ते जागचं हलत नाही आणि त्याच्यावर यमकही कुणी जुळवलेलं नाही. त्यामुळे ते शेजारच्या जिल्ह्यालाही नीट माहीत नाही.

परभणीचं नाव अशा रीतीनं खरोखर देशभर नेलं ते भेंडीनं. गंमत म्हणजे हे परभणीत फारसं कुणी मिरवत नाही.

भेंडीला केवडा नावाचा रोग पडतो. पांढरी माशी या रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. पहिल्यांदा कोवळ्या पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखी दिसते. मग शिरांमधला हिरवा भागही फिकटतो, सगळं पान पिवळं पडतं. फळ लहान, पिवळट आणि निबर निघतं. असली भेंडी बाजारात कुणी हातात धरत नाही. एकदा रोग शिरला की औषध नाही, फार तर माशी आटोक्यात ठेवायची. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी ही जात या रोगाला दाद देत नाही म्हणूनच नावाजली होती. पण काही वर्षांत ती हरली, आणि भेंडी लावणारा शेतकरी पुन्हा उघड्यावर पडला.

परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं ते १८ मे १९७२ ला. पुढं त्याला वसंतराव नाईकांचं नाव दिलं गेलं. इथल्या जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी नातलगाशी केला. या रानटी झाडाचं फळ खाण्याच्या कामाचं नाही, पण केवड्याला ते दाद देत नाही. दोन वेगळ्या प्रजातींचं हे लग्न सहजी लागत नाही. त्यांच्या गुणसूत्रांचा मेळ बसत नाही, त्यामुळे पहिल्या पिढीत बी धरण्याचीच मारामार. म्हणून संकरातून निघालेली झाडं पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, दर पिढीत रोगाला टिकणारं आणि खायला चांगलं एवढंच निवडायचं, बाकीचं उपटून टाकायचं. अशा काही पिढ्यांनंतर जे वाण हाती आलं त्याचं नाव ठेवलं ‘परभणी क्रांती’. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात त्यावर दोघांचा छोटासा लेख आला. मथळ्यातला पहिलाच शब्द परभणी होता.

त्यानंतर हे नाव कुठं कुठं पोचलं याचा हिशेब नाही. उत्तर प्रदेश, बिहारपासून पंजाबपर्यंतच्या शेतीसल्ल्यांत भेंडीच्या जातींच्या यादीत ‘परभनी क्रांति’ हमखास असते. तिथल्या शेतकऱ्याला परभणी हे गाव आहे की कुणाचं नाव आहे, याच्याशी देणंघेणं नाही. त्याला पिशवीवर ती अक्षरं हवी असतात. विद्यापीठानं पुढं रब्बी ज्वारीचं ‘परभणी मोती’ काढलं. हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेसोबतच्या कामातून २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आली, तिचं नाव ‘परभणी शक्ती’.

विषाणू मात्र स्वस्थ बसत नाही. जे पुसा सावनीचं झालं तेच हळूहळू परभणी क्रांतीचंही होत गेलं. बऱ्याच भागांत आता तिच्यावर केवडा दिसतो, आणि बाजारात खासगी कंपन्यांची संकरित वाणं पुढं आहेत. पण नवं वाण काढलं की ते चांगलं की वाईट हे ठरवायला एक जुनं, ओळखीचं वाण शेजारी लावावं लागतं. त्याला शास्त्रज्ञ तुलनेचं वाण म्हणतात. देशात कितीतरी ठिकाणी भेंडीच्या चाचणीत शेजारच्या वाफ्यात परभणी क्रांती लावलेली असते, आणि नव्या भेंडीचं उत्पादन तिच्यापेक्षा किती टक्क्यांनी कमी-जास्त आलं, तो आकडा अहवालात लिहितात.